बर्स्टन संपशाळा

बर्स्टन संपशाळा (बर्स्टन स्ट्राइक स्कूल) ही इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील बर्स्टन या गावी ग्रामस्थांनी चालवलेली शाळा होती. सरकारी शाळेतून बडतर्फ झालेल्या दोन शिक्षकांच्या पाठिंब्यासाठी विद्यार्थ्यांनी १ एप्रिल १९१४ रोजी संप पुकारला आणि त्यातून ही शाळा उभी राहिली. ती १९३९ पर्यंत चालली. इंग्लंडच्या इतिहासातील सर्वाधिक काळ चाललेला संप म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

अॅनी कॅथरीन (किटी) हिग्डन आणि त्यांचे पती टॉम हिग्डन हे १९११ मध्ये बर्स्टनच्या शाळेत अनुक्रमे मुख्याध्यापिका व साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यापूर्वी ते याच परगण्यातील वुड डॉलिंग येथे होते. हंगामात शेतकरी मुलांना शाळेतून काढून कामाला लावत. त्यास हिग्डन दांपत्याचा विरोध असल्याने तेथील व्यवस्थापकांशी त्यांचे खटके उडाले होते. टॉम हिग्डन शेतमजुरांच्या संघटनेचेही काम करीत.

बर्स्टनमध्ये बहुसंख्य कुटुंबे शेतमजुरांची होती. जमीन, घरे आणि शाळेचे व्यवस्थापन मात्र मोजक्या लोकांच्या हाती होते. गावचे धर्मगुरू चार्ल्स टकर ईलंड हे शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. मार्च १९१३ मध्ये झालेल्या ग्रामपरिषदेच्या निवडणुकीत टॉम हिग्डन व शेतमजूर उमेदवार निवडून आले आणि ईलंड यांचा पराभव झाला. त्यानंतर शाळेतील तक्रारींना धार चढली.

बडतर्फी

पावसात भिजून आलेल्या मुलांचे कपडे वाळावेत म्हणून किटी हिग्डन यांनी परवानगी न घेता वर्गात शेगडी पेटवली, त्या व्यवस्थापकांशी उद्धटपणे वागतात, असे आक्षेप घेण्यात आले. पुढे दोन अनाथ मुलींना मारहाण केल्याचा आरोपही झाला. किटी यांनी तो नाकारला. परगण्याच्या शिक्षण समितीने चौकशी करून मुख्याध्यापिकेने अन्यत्र नोकरी पाहावी, असे मत दिले. अखेर दोघांनाही बडतर्फ करण्यात आले.

विद्यार्थ्यांचा संप

१ एप्रिल रोजी नवे शिक्षक शाळेत आले, तेव्हा ७२ पैकी ६६ मुले वर्गाबाहेर होती. व्हायोलेट पॉटर या १३ वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने त्यांनी झेंडे व फलक घेऊन गावातून फेरी काढली. आपले शिक्षक आपल्याला परत मिळावेत, ही त्यांची मागणी होती. एमिली विल्बी या विद्यार्थिनीने लिहिलेला संपाचा वृत्तान्त उपलब्ध आहे.

ग्रामस्थांचा पाठिंबा

मुलांनी शाळेवर बहिष्कार घातला, तरी त्यांचे शिक्षण थांबू दिले गेले नाही. हिग्डन दांपत्याने प्रथम गावच्या हिरवळीवर आणि नंतर एका सुताराच्या कार्यशाळेत वर्ग भरवले. शिक्षकनिवास सोडावा लागल्यानंतर ग्रामस्थांनी दोघांच्या राहण्याची सोय केली.

पालकांना या पाठिंब्याची किंमत मोजावी लागली. मुलांना शाळेत न पाठवल्याबद्दल त्यांच्यावर डिस येथील न्यायालयात खटले भरले गेले व दंड झाले. मजुराच्या तुटपुंज्या आठवडी वेतनातून दंड भरणे कठीण असल्याने तो सभांमध्ये जमलेल्या वर्गणीतून भरण्यात आला. मुले संपशाळेत नियमित शिक्षण घेत असल्याचे स्पष्ट झाल्यावर हे खटले थांबले. मुलास शिक्षण देणे कायद्याने बंधनकारक होते. ते अमुकच शाळेत दिले पाहिजे, अशी सक्ती नव्हती.

चर्चच्या मालकीची जमीन खंडाने कसणाऱ्या काही समर्थकांकडून ती काढून घेण्यात आली. अनेक ग्रामस्थांनी ईलंड यांच्या चर्चमध्ये जाणे बंद केले आणि हिरवळीवर उघड्यावर प्रार्थनासभा भरू लागल्या.

नवी इमारत

गावाची ऐपत मर्यादित असल्याने कायमस्वरूपी इमारतीसाठी बाहेरची मदत आवश्यक होती. खाणकामगार व रेल्वे कामगार यांच्या संघटना, तसेच मजूर चळवळीतील मंडळी यांनी देणग्या दिल्या. मजूर पक्षाचे नेते जॉर्ज लान्सबरी यांनीही या लढ्याला पाठिंबा दिला. १३ मे १९१७ रोजी व्हायोलेट पॉटर हिच्या हस्ते नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. दर्शनी भिंतीच्या दगडांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत.

अखेर

ऑगस्ट १९३९ मध्ये टॉम हिग्डन यांचे निधन झाले. वृद्ध झालेल्या किटी यांना एकटीने शाळा चालवणे शक्य नव्हते. त्याच वर्षी शाळा बंद झाली आणि उरलेली मुले सरकारी शाळेत दाखल झाली. किटी यांचे १९४६ मध्ये निधन झाले.

महत्त्व

संपाची मूळ मागणी कधीच मान्य झाली नाही. हिग्डन दांपत्याला सरकारी शाळेतील पदे परत मिळाली नाहीत. तथापि त्यांचे अध्यापन पंचवीस वर्षे अखंड चालू राहिले, हे या लढ्याचे प्रत्यक्ष फलित होय. केवळ सहानुभूतीवर हे घडले नसते. जागा, निवारा, दंडाची रक्कम आणि नियमित पटसंख्या या चारही गोष्टी समाजाने पुरवल्या. त्यांपैकी पटसंख्या ही सर्वांत निर्णायक ठरली, कारण विद्यार्थीच नसते तर शाळेचे अस्तित्व संपले असते. आणि ती टिकवण्याचा निर्णय सर्वस्वी पालकांच्या हाती होता.

शाळेच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कामगार संघटना तेथे स्मृतिमेळावा भरवतात.