केंद्रीय अनुदान आणि शाळेचा मूळ हिस्सा

अमेरिकेत १९६५ च्या शिक्षण कायद्यातील ‘टायटल वन’ (गरीब मुले अधिक असलेल्या शाळांसाठीचे केंद्रीय अनुदान) मंजूर झाले, की स्कूल डिस्ट्रिक्टने (स्थानिक शाळांचा कारभार पाहणारे मंडळ) आपला खर्च तेवढा कमी करावा, हा समज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे. भाच्याच्या दुधासाठी मामाने पैसे धाडले म्हणून घरचा रतीब बंद केला, तर पोराच्या पेल्यात थेंबही वाढत नाही. प्रारंभी हा पैसा कित्येक ठिकाणी नित्याच्याच खर्चात जिरला, आणि त्याचा खरा हक्कदार, म्हणजे गरिबाचे मूल, उपेक्षितच राहिले, म्हणून १९७० साली मूळ खर्चात भर घालण्याची, त्याची जागा न घेण्याची, अट आली. अनुदान नसते तर राज्याच्या व स्थानिक तिजोरीतून त्या शाळेला जे मिळाले असते, ते तिला पुरतेपणी मिळते, हे आपल्या वाटपपद्धतीवरून दाखवण्याची जबाबदारी २०१५ च्या कायद्याने डिस्ट्रिक्टवरच ठेवली आहे.