क्रोध आणि प्रार्थना (ख्रिस्ती मठपरंपरा)

क्रोध आवरण्यासाठी प्रार्थनेचा आश्रय घेण्याची रीत ख्रिस्ती मठपरंपरेत जुनी आहे. तिचे सविस्तर विवेचन चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांच्या लेखनात आढळते. इव्हाग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) हा त्यांतील प्रमुख लेखक होय. प्रार्थना केली की राग निवतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. इव्हाग्रिअसची मांडणी दुसऱ्या टोकापासून सुरू होते: मनात राग धरला असेल, तर प्रार्थनाच घडत नाही.

पार्श्वभूमी

इव्हाग्रिअसचा जन्म काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पाँटस प्रांतात (सध्याचे तुर्कस्तान) झाला. कॉन्स्टँटिनोपल येथे तो डीकन होता. एका विवाहित स्त्रीमध्ये मन गुंतल्यामुळे त्याने ते शहर सोडले आणि जेरुसलेममार्गे इ.स. ३८३च्या सुमारास तो इजिप्तमध्ये आला. प्रथम नित्रिया व नंतर केलिया येथील तपस्व्यांच्या वस्तीत तो अखेरपर्यंत राहिला. एकमेकांपासून दूर असलेल्या कोठड्यांत हे तपस्वी एकेकटे राहत. भांडायला समोर कोणी नसतानाही राग येतोच, हे त्यांनी स्वतःवरून ओळखले होते.

इव्हाग्रिअसचा विचार

साधकाला ग्रासणारे आठ कुविचार त्याने सांगितले: अतिभोजन, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लोकेषणा आणि अहंकार. मराठी वाचकाला येथे षड्रिपूंची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र या यादीत मत्सर नाही. पुढे सहाव्या शतकात पोप पहिला ग्रेगरी याने यादीची फेररचना केली, तेव्हा त्याचा समावेश झाला.

‘प्राक्तिकोस’ या ग्रंथात इव्हाग्रिअसने क्रोधाला सर्वांत वेगवान विकार म्हटले आहे. ज्याने अन्याय केला, किंवा केला असे आपल्याला वाटते, त्याच्याविरुद्ध मन उसळते. ते दिवसभर धुमसत राहते आणि प्रार्थनेच्या वेळी तर त्या माणसाचा चेहराच डोळ्यांपुढे उभा करते. रागाचे पुढे मनात धरलेल्या अढीत रूपांतर झाले की रात्रीची स्वप्नेही भयाण होतात. हे निरीक्षण सोळाशे वर्षांपूर्वीचे आहे, यावर सहजी विश्वास बसत नाही.

यावरील त्याचे उपाय साधे आहेत. स्तोत्रगायन, सहनशीलता आणि दया यांनी खवळलेले मन शांत होते, असे तो सांगतो. अढी मिटवण्यासाठी त्या माणसाला भेटवस्तू द्यावी, असेही तो सुचवतो. त्यासाठी बायबलमधील याकोबाचा दाखला तो देतो. याकोबाने रागावलेल्या एसावाकडे आपल्याआधी भेटी पाठवल्या होत्या. मनात येणाऱ्या कुविचाराला तिथल्या तिथे उत्तर देता यावे म्हणून त्याने बायबलमधील जवळजवळ पाचशे वचने आठ भागांत संकलित केली. त्यांतील पाचवा भाग क्रोधासाठी आहे. सहाव्या शतकात इव्हाग्रिअसची काही मते पाखंडी ठरवली गेली. या संकलनाची मूळ ग्रीक प्रत नष्ट झाली, परंतु सिरियाक व आर्मेनियन भाषांतरे उरली. प्रार्थनेवरील त्याचा १५३ प्रकरणांचा ग्रंथ नीलस या दुसऱ्या तपस्व्याच्या नावावर टिकून राहिला.

या विचाराचा आधार मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाचे मन दुखावले असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू तेथे सांगतो. प्रभूच्या प्रार्थनेतही क्षमा मागणे हे क्षमा करण्याशी जोडलेले आहे.

योहान कासिआन

इजिप्तमधील ही शिकवण योहान कासिआन याने पाचव्या शतकाच्या आरंभी मार्सेय येथे लॅटिन भाषेत आणली. एकांतात गेल्याने राग सुटत नाही, हे तो स्वतःच्या उदाहरणाने सांगतो. माणूस जवळ नसताना आपण बोरूवर, बोथट सुरीवर आणि चटकन ठिणगी न देणाऱ्या गारगोटीवर संतापत होतो, अशी कबुली त्याने दिली आहे. संतापाच्या क्षणी देवाचे साहाय्य मागणारी सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ पुनःपुन्हा म्हणावी, असे तो सुचवतो. येशूच्या क्रोधविषयक वचनात काही हस्तलिखितांमध्ये ‘विनाकारण’ असा शब्द आढळतो. कासिआनने तो मागाहून घातलेला मानला, कारण अशी सवलत ठेवली की प्रत्येकाला आपला राग सकारणच वाटतो.

मतभेद

क्रोध सर्वस्वी त्याज्य आहे काय, याबाबत परंपरेत एकवाक्यता नाही. इव्हाग्रिअसच्या मते ही शक्ती स्वभावतःच मनुष्यात आहे. तिचा रोख माणसांऐवजी दुष्ट शक्तींकडे असावा. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने विवेकाला धरून असलेला राग योग्य ठरवला आणि जेथे राग यायला हवा तेथे तो न येणे हाही दोष मानला. ज्याच्यावर खरोखरच अन्याय झाला आहे, त्याला केवळ प्रार्थना करून गप्प बसण्याचा उपदेश करणाऱ्यांनी हे मत अवश्य लक्षात घ्यावे.

बायबलमधील शापस्तोत्रांचा प्रश्नही याच वादाशी निगडित आहे. १०९व्या स्तोत्रात शत्रूला दिलेले शाप अत्यंत कठोर आहेत. रोमन कॅथलिक चर्चच्या १९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्णतः वगळण्यात आली. त्यांच्या बाजूने बोलणारे अभ्यासक म्हणतात की, या स्तोत्रांतील माणूस सूड स्वतः उगवत नाही. तो आपला सारा संताप देवापुढे ठेवतो आणि निवाडा त्याच्यावर सोपवतो.