पाच आणि सातचं वैर

अमेरिकेतल्या जुन्या शेव्हरोले पिकअप ट्रकचं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन अडखळलं, की आळ कार्ब्युरेटरवर येतो. पुष्कळदा खोड असते प्लगच्या वायरींत. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी चिकटून समांतर नेल्या, तर पाचमधल्या हजारो व्होल्टच्या झटक्याने सातच्या वायरीतही वीज निर्माण होते आणि तिथे ठिणगी वेळेआधीच पडू शकते. म्हणून त्या दोघी लांब ठेवा, नाहीतर एकमेकींना छेदून न्या. वायर कार्बन गाभ्याची घ्या. नुसत्या तांब्याची रेडिओत खरखर आणते. जाड, रंगीत वायरींनी ताकद वाढते, ही निव्वळ दुकानदारी! बदलताना एकेकच काढा, तीही रबरी टोपी पिळून. वायर तापलेल्या एक्झॉस्टला टेकता कामा नये.