संशयाची पाच वर्षे

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्यावरही विटाळाच्या धाकाने त्या आपले अन्नपाणी निराळे ठेवीत. टिळकांचा संशय वाचनाने फिटत गेला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. लक्ष्मीबाईंचा प्रश्न मात्र चुलीपाशी उभा होता : जात देवाने केली की माणसाने? माणसाने, असा कौल त्यांच्या मनाने दिला आणि त्या सर्वांच्या हातचे खाऊ लागल्या. मला हा निर्णय पंडितांच्या वादापेक्षा मोलाचा वाटतो. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांच्या ठायी स्थिरावली ती यानंतर. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ही पुढे त्यांनीच पूर्ण केले.