विश्लेषण : ३६ की ३८? युव्हेंटसच्या जेतेपदांचा हिशेब अजून का जुळत नाही?

इटालियन फुटबॉल महासंघाच्या दप्तरी युव्हेंटसच्या नावावर ३६ साखळी जेतेपदे आहेत. क्लबच्या चाहत्यांना विचारले तर उत्तर मिळते ३८. मधल्या दोन जेतेपदांचा निकाल २००६ मध्येच लागला, तरी त्यावरचा वाद इटलीत आजही तितक्याच तावातावाने सुरू आहे. ही दोन जेतेपदे कुठे गेली, चाहते ती सोडायला का तयार नाहीत आणि त्यांचे म्हणणे कितपत खरे, याचा हा आढावा.

युव्हेंटसवर इतके प्रेम आणि इतका राग का?

तुरिनमधील मासिमो द’अझेलियो शाळेतील विद्यार्थ्यांनी १८९७ मध्ये हा क्लब स्थापन केला. लॅटिन भाषेत युव्हेंटस म्हणजे तारुण्य. सुरुवातीला खेळाडूंची जर्सी गुलाबी होती. १९०३ मध्ये इंग्लंडच्या नॉट्स काउंटी क्लबसारखी काळी-पांढरी पट्ट्यांची जर्सी आली आणि तीच ओळख बनली. १९२३ मध्ये ‘फियाट’ मोटार कंपनीच्या आन्येल्ली घराण्याकडे क्लबची सूत्रे आली. तेव्हापासून इटलीतील सर्वांत बलाढ्य उद्योगघराणे आणि सर्वाधिक जेतेपदे मिळवणारा क्लब हे समीकरण पक्के झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतून हजारो कामगार फियाटच्या कारखान्यांत आले. त्यांच्यापैकी अनेकांनी युव्हेंटसला आपले मानले आणि ही आवड गावाकडेही पोहोचली. त्यामुळे तुरिनपासून सिसिलीपर्यंत क्लबचे चाहते सापडतात. दुसरीकडे, पैसा आणि वजन असलेल्या मालकांचा क्लब म्हणून विरोधकांच्या मनात कायम संशय राहिला. इटालियन भाषेत चोरीसाठी जे क्रियापद आहे, त्याचा युव्हेंटसशी सांधा जोडून विरोधी चाहते क्लबला ‘रुबेंतस’ म्हणतात. ही टवाळी २००६ च्याही आधीची आहे.

संशयाला आधीपासून खतपाणी कसे मिळाले?

२६ एप्रिल १९९८ रोजी तुरिनमध्ये युव्हेंटस आणि इंटर मिलान आमनेसामने होते. जेतेपदाचा फैसला जवळपास याच सामन्यावर होता. युव्हेंटस १-० ने पुढे असताना त्यांचा बचावपटू मार्क युलियानो आणि इंटरचा रोनाल्डो यांची पेनल्टी क्षेत्रात धडक झाली. पंच पिएरो चेक्कारिनी यांनी इंटरला पेनल्टी दिली नाही. काही क्षणांतच दुसऱ्या टोकाला युव्हेंटसला मात्र पेनल्टी मिळाली. ती वाया गेली, पण सामना आणि पुढे जेतेपद युव्हेंटसनेच जिंकले. इंटरचे चाहते ही घटना आजही विसरलेले नाहीत.

त्याच वर्षी प्रशिक्षक झ्देनेक झेमान यांनी इटालियन फुटबॉलमधील औषधांच्या वापरावर जाहीर टीका केली आणि तुरिनमध्ये तपास सुरू झाला. युव्हेंटसचे डॉक्टर रिकार्डो अग्रिकोला यांना २००४ मध्ये दोषी ठरवले गेले. २००५ मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, पण तोवर खटल्याची मुदत संपली होती. दोषी की निर्दोष, हा प्रश्न अधांतरीच राहिला.

‘कॅल्चोपोली’ प्रकरण नेमके काय होते?

मे २००६ मध्ये इटलीतील वृत्तपत्रांतून दूरध्वनी संभाषणांचे तपशील बाहेर आले. युव्हेंटसचे महाव्यवस्थापक लुचियानो मोज्जी हे सामन्यांसाठी पंच ठरवणारे अधिकारी पावलो बेर्गामो आणि पिएरलुइजी पायरेत्तो यांच्याशी नियमित बोलत होते. कोणता पंच बरा, कोणता नको, अशी चर्चा त्यात होती. पुढे नेपल्समधील फौजदारी खटल्यात परदेशी सिमकार्डांचा मुद्दाही आला. तपास टाळता यावा म्हणून ती वाटली गेली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते.

येथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. अमुक सामन्यासाठी पंचाला अमुक रक्कम दिली, असे हे प्रकरण नव्हते. पंचांच्या नेमणुकीवर प्रभाव टाकणारे जाळे उभारले, हा आरोप होता. एसी मिलान, फिओरेन्तिना, लाझिओ आणि रेजिना हे क्लबही त्यात सापडले.

शिक्षा काय झाली?

युव्हेंटसचे २००४-०५ चे जेतेपद काढून घेण्यात आले. २००५-०६ मध्ये ९१ गुणांसह अव्वल ठरलेल्या युव्हेंटसला तळाशी ढकलून क्लबच्या इतिहासात प्रथमच ‘सेरी बी’ या दुसऱ्या श्रेणीत पाठवण्यात आले. नव्या हंगामासाठी सुरुवातीला ३० गुण वजा झाले होते. अपिलांनंतर ते १७ आणि शेवटी ९ वर आले. मोज्जी यांच्यावर आधी पाच वर्षांची आणि २०११ मध्ये आजन्म बंदी आली.

याच काळात, ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये इटली विश्वविजेता झाला. त्या संघात बुफॉन, कानावारो, झाम्ब्रोत्ता, कामोरानेसी आणि डेल पिएरो हे युव्हेंटसचे पाच खेळाडू होते. पराभूत फ्रान्सकडूनही त्रेझेगे, थुराम आणि विएरा हे युव्हेंटसचेच तिघे खेळले. त्यानंतर संघ फुटला. कानावारो रेआल माद्रिदला, झाम्ब्रोत्ता आणि थुराम बार्सिलोनाला, तर इब्राहिमोविच आणि विएरा थेट इंटरला गेले. बुफॉन, डेल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे आणि कामोरानेसी थांबले. दुसऱ्या श्रेणीत खेळायला तयार झालेल्या या पाच जणांना युव्हेंटसचे चाहते आजही वेगळा मान देतात. क्लब एका वर्षात वरच्या श्रेणीत परतला.

मग चाहते ३८ वर का अडून बसतात?

त्यांचे तीन मुख्य मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा २००५-०६ च्या जेतेपदाचा. तपासातील संभाषणे प्रामुख्याने २००४-०५ च्या हंगामातील होती. तरी पुढच्या हंगामाचे जेतेपदही गेले आणि ते तिसऱ्या क्रमांकावरील इंटरला बहाल झाले. हा निर्णय घेणारे महासंघाचे तत्कालीन विशेष आयुक्त गुइदो रोस्सी पूर्वी इंटरच्या संचालक मंडळावर होते. १९२७ मध्ये तोरिनो क्लबचे जेतेपद लाचप्रकरणी रद्द झाले तेव्हा ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलोन्याला दिले नव्हते, रिकामेच ठेवले होते. मग २००६ मध्ये वेगळा न्याय का, असा हा सवाल आहे.

दुसरा मुद्दा नंतर उघड झालेल्या संभाषणांचा. नेपल्समधील खटल्यादरम्यान इंटरचे दिवंगत अध्यक्ष जाचिन्तो फाकेत्ती यांचीही पंच ठरवणाऱ्यांशी झालेली संभाषणे पुढे आली. महासंघाचे अभियोक्ता स्तेफानो पालाझी यांनी जुलै २०११ च्या अहवालात इंटरच्या वर्तनावर गंभीर ठपका ठेवला, मात्र कारवाईची मुदत संपल्याचेही नोंदवले. महासंघाने २००६ चे जेतेपद इंटरकडेच कायम ठेवले. युव्हेंटसने महासंघाकडे सुमारे ४४ कोटी युरोंची भरपाई मागितली, ती २०१६ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने फेटाळली.

तिसरा मुद्दा मैदानाचा. संघ खरोखरच बलवान होता, गुण खेळाडूंनी घाम गाळून मिळवले, मग अधिकाऱ्यांच्या फोनची शिक्षा त्यांना का? २०१२ मध्ये जेतेपद मिळाल्यावर महासंघाच्या लेखी ते २८वे होते. क्लबने पुढच्या हंगामाच्या जर्सीवर ‘मैदानावर ३०’ अशा अर्थाची इटालियन ओळ छापली. इटलीत दहा जेतेपदांमागे जर्सीवर एक तारा लावतात. त्यामुळे हा वाद थेट छातीवरच्या ताऱ्यांचाही होता.

चाहत्यांचा दावा कुठे लंगडा पडतो?

दुसऱ्याने तेच केले म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. पालाझी यांच्या अहवालाने इंटरवर बोट ठेवले, पण मोज्जी यांना दोषमुक्त केले नाही. नेपल्सच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्यांना पाच वर्षे चार महिन्यांची शिक्षा सुनावली, अपिलात ती दोन वर्षे चार महिन्यांवर आली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुदतीच्या कारणावरून मुख्य आरोपातील शिक्षा टळली. मुदत संपणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे. इंटरच्या बाबतीत युव्हेंटसचे चाहते नेमका हाच युक्तिवाद करतात, मात्र मोज्जींच्या बाबतीत तो सोयीस्कर विसरतात. इंटरचे चाहते याच्या बरोबर उलट करतात.

मैदानावरच्या गुणांचा मुद्दाही पुरता टिकत नाही. पंच कोण असावा यात एका क्लबचा शब्द चालत असेल, तर त्या मैदानावरचे गुण निर्भेळ होते हे सिद्ध कसे करणार? आणि ते निर्भेळ नव्हते हेही प्रत्येक सामन्यागणिक सिद्ध झालेले नाही. ३६ आणि ३८ मधली दरी आहे ती इथे.

२०२३ मध्ये पुन्हा काय घडले?

२०१२ ते २०२० अशी सलग नऊ जेतेपदे मिळवून क्लबने जुना दबदबा परत मिळवला होता. मात्र २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्लींसह संपूर्ण संचालक मंडळाने राजीनामा दिला. या वेळी प्रश्न पंचांचा नव्हता, जमाखर्चाचा होता.

दोन क्लब खेळाडूंची अदलाबदल करतात तेव्हा विकलेल्या खेळाडूवरचा नफा त्याच वर्षी दाखवता येतो. विकत घेतलेल्याची किंमत मात्र करार जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांत विभागली जाते. दोघांनी किमती फुगवल्या तर रोख पैसे फारसे न हलता दोघांच्याही ताळेबंदात नफा दिसतो. खेळाडूची खरी किंमत ठरवणे अवघड असल्याने अशी फुगवाफुगवी पकडणेही अवघड असते.

एप्रिल २०२२ मध्ये महासंघाच्या न्यायालयाने युव्हेंटससह सर्व क्लबांना या आरोपातून सोडले होते. तुरिनच्या सरकारी वकिलांची नवी कागदपत्रे आल्यावर जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण पुन्हा उघडले आणि एकट्या युव्हेंटसचे १५ गुण कापले गेले. एप्रिलमध्ये ते परत मिळाले, तर २२ मे रोजी १० गुण वजा झाले. संघ सातव्या स्थानी घसरला आणि चॅम्पियन्स लीगला मुकला. पुढे ‘युएफा’नेही आर्थिक नियमभंगाबद्दल एका वर्षासाठी युरोपीय स्पर्धांतून बाहेर ठेवले. हंगाम सुरू असताना गुणतालिका तीनदा बदलल्याने पुन्हा एकट्या आपल्यालाच धरले, ही चाहत्यांची भावना बळावली. पण या वेळचे पुरावे क्लबच्या स्वतःच्या कागदांतून आणि अधिकाऱ्यांच्या संभाषणांतून आले होते, हेही नाकारता येत नाही.

ज्या आकड्यावर वाद नाही, तो कोणता?

३९. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्यात युरोपियन चषकाची अंतिम लढत होती. सामन्याआधी लिव्हरपूलच्या चाहत्यांनी शेजारच्या विभागावर चाल केली. पळणारी गर्दी भिंतीशी चेंगरली, भिंत कोसळली. ३९ जण मृत्युमुखी पडले, त्यांतील ३२ इटालियन होते. मोडकळीस आलेले स्टेडियम आणि ढिसाळ बंदोबस्त यांनी संकट वाढवले. तरीही सामना झाला. मिशेल प्लातिनीच्या पेनल्टीवर युव्हेंटस १-० जिंकला आणि खेळाडूंनी चषकही मिरवला. सामना खेळवायला हवा होता का आणि तो चषक आनंदाने मोजावा का, हे प्रश्न युव्हेंटसच्या चाहत्यांमध्येच विचारले जातात. इटलीतील काही मैदानांवर विरोधी चाहते याच मृतांवरून हिणकस घोषणा देतात. वैर कुठल्या थराला जाते, हे त्यातून दिसते.

हा वाद संपेल का?

चिन्हे तरी तशी नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये इंटरने २०वे जेतेपद मिळवून जर्सीवर दुसरा तारा चढवला. त्या २० मध्ये २००६ चे जेतेपदही धरलेले आहे. म्हणजे एकच हंगाम दोन क्लबांचे चाहते आपापल्या खात्यात मोजतात.

महासंघाची नोंद अधिकृत आहे आणि ती ३६ च सांगते. पण नोंद अधिकृत असली म्हणून ती सर्वांना पटतेच असे नाही. २००६ मध्ये काही आठवड्यांत घाईने निवाडा झाला आणि दुसऱ्या बाजूची संभाषणे पुढे आली तेव्हा मुदत उलटून गेली होती. ती वेळेत, एकाच कसोटीवर तपासली गेली असती, तर युव्हेंटसची शिक्षा कदाचित टळली नसती. पण तिच्यावर बोट ठेवायला आज इतकी जागा राहिली नसती. तोवर तुरिनच्या कॅफेत बसलेला चाहता ३८ म्हणत राहील आणि मिलानमधला त्याला ३६ ची आठवण करून देत राहील.