नमुना एक, यंत्रे अनेक

विद्यार्थी मित्रांनो, शालान्त परीक्षेचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. वर्गातील सर्वांना सारखीच प्रश्नपत्रिका मिळते. उत्तरपत्रिकाही सारखीच छापलेली असते. मात्र तिच्या पहिल्या पानावर एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. तेथे प्रत्येकाने आपापला बैठक क्रमांक लिहायचा असतो. समजा, ती जागा रिकामी न ठेवता सर्वांच्या उत्तरपत्रिकेवर एकच क्रमांक छापून टाकला, तर काय होईल? कोणाचे गुण कोणाला द्यायचे, हे परीक्षकांना कळणारच नाही. उलट, प्रत्येकाने स्वतःच्या मनाप्रमाणे उत्तरपत्रिका तयार करून आणली, तरीही गोंधळच होईल.

म्हणजे काही गोष्टी सर्वांच्या सारख्या असाव्या लागतात आणि काही ज्याच्या त्याच्या. मराठीतील ‘नमुना’ आणि ‘फरक’ हे दोन शब्द तुम्हांला उर्दूतूनही परिचित आहेत. मोठ्या संगणककेंद्रांत शेकडो यंत्रे सांभाळताना या दोन शब्दांची सांगड कशी घालतात, ते या पाठात पाहू.

यजमान आणि पाहुणे

इतर संगणकांनी मागितलेली माहिती किंवा सेवा जो संगणक पुरवतो, त्याला सर्व्हर म्हणतात. तुम्ही रेल्वेचे तिकीट काढता, बँकेतील शिल्लक पाहता किंवा निकाल पाहता, तेव्हा कोठेतरी एखादा सर्व्हर तुमच्यासाठी काम करीत असतो.

पूर्वी अनेक ठिकाणी एका कामासाठी एक स्वतंत्र सर्व्हर ठेवत. त्यातले बरेच सर्व्हर दिवसाचा मोठा भाग रिकामेच बसून असत. वीज मात्र सर्वांना लागे. यावर आभासी संगणकाचा उपाय निघाला. एका मोठ्या यंत्रावर विशेष आज्ञावली बसवतात. ती आज्ञावली यंत्राची शक्ती वाटून देते आणि त्याच्यावर अनेक संगणक चालवते. हे संगणक हाताला लागत नाहीत, पण काम खऱ्या संगणकासारखेच करतात. चाळीत एकाच छपराखाली अनेक बिऱ्हाडे राहतात. जिना एक, पाण्याची टाकी एक. पण प्रत्येक खोलीला कुलूप वेगळे. तसेच हे आहे.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी व्यवस्था जाहीर केली होती. पुढे १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन झाली. तिने २००१ साली साध्या सर्व्हरसाठी अशीच आज्ञावली बाजारात आणली.

खऱ्या यंत्राला इंग्रजीत ‘होस्ट’ म्हणतात. आपण त्याला यजमान म्हणू. तुमच्या घरी त्यालाच मेजबान म्हणतात. त्याच्यावर चालणारे आभासी संगणक हे त्याचे पाहुणे, म्हणजे मेहमान.

यजमान सारखे का हवेत?

मोठ्या केंद्रात अनेक यजमानांचा एक गट असतो. व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत २००३ सालापासून एक विलक्षण सोय आहे. चालू असलेला पाहुणा एका यजमानावरून दुसऱ्या यजमानावर हलवता येतो आणि त्याचे काम थांबत नाही. एखाद्या यंत्राची दुरुस्ती करायची असेल, तर त्यावरचे पाहुणे आधी शेजारच्या यंत्रांवर पाठवतात. रुग्णालयातील नोंदी ठेवणारा पाहुणा असा हलवला, तरी तेथील डॉक्टरांना त्याची कल्पनाही येत नाही.

पण हे केव्हा शक्य होते? पाहुण्याला जे लागते, ते दुसऱ्या यजमानाकडेही असेल तेव्हाच. पाहुणा ज्या नावाच्या जाळ्याला जोडलेला आहे, त्याच नावाचे जाळे तेथे हवे. त्याची माहिती ज्या साठ्यात आहे, तेथपर्यंत पोहोचण्याचा मार्गही हवा. एका अक्षराचा फरक झाला, तरी पाहुण्याचे हे स्थलांतर अडते.

घड्याळाचेही तसेच. प्रत्येक यंत्र आपल्या कामाची वेळेसह नोंद ठेवते. दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसतील, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे शोधणे कठीण होते. म्हणूनच भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढले. संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली ठेवावीत, असे त्यांत सांगितले आहे.

यंत्राने कसे वागावे हे ठरवणाऱ्या अशा नोंदींना सेटिंग्ज म्हणतात. समजा, ३० यजमान आहेत आणि प्रत्येकाच्या ४० सेटिंग्ज हाताने भरायच्या आहेत. म्हणजे १२०० नोंदी झाल्या. माणूस कितीही दक्ष असला, तरी एखादी नोंद चुकतेच. शिवाय पुढे कोणी एका यंत्रावर तात्पुरता बदल करतो आणि तो परत घ्यायचा राहून जातो. महिन्यामागून महिने असे फरक साचत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते दिसतात ऐन अडचणीच्या वेळी.

नमुन्यावरून यंत्रे

यासाठी २००९ साली व्हीएमवेअरने आपल्या व्हीस्फिअर या आज्ञावलीत ‘होस्ट प्रोफाइल’ ही सोय दिली. प्रोफाइल म्हणजे सेटिंग्जचा नमुना. तिचे काम चार पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी : एक यजमान काळजीपूर्वक तयार करतात आणि त्याच्या सेटिंग्जवरून नमुना काढून घेतात.
दुसरी पायरी : तो नमुना इतर यजमानांना किंवा संपूर्ण गटाला जोडतात.
तिसरी पायरी : कोणता यजमान नमुन्यापासून कोठे वेगळा आहे, याची तपासणी करतात.
चौथी पायरी : जेथे नको असलेला फरक आहे, तेथे तो दूर करतात.

नक्कल कशाची करू नये?

आता खरा प्रश्न येतो. नमुना काढलेल्या यजमानाचे एक नाव असते आणि जाळ्यात त्याचा एक अंकीय पत्ताही असतो. तेही सर्वांना दिले तर? दोन घरांवर एकच पत्ता लिहिल्यासारखे होईल. त्या पत्त्यावर आलेला निरोप कधी एका यंत्राकडे जाईल, कधी दुसऱ्याकडे. दोघांचेही काम बिघडेल.

म्हणून नमुन्यातील बाबींचे दोन प्रकार करता येतात. काही बाबींचे उत्तर नमुन्यातच लिहिलेले असते. उदाहरणार्थ, घड्याळ कोठून जुळवायचे, कोणती सेवा बंद ठेवायची. काही बाबींपुढे मात्र उत्तर नसते, फक्त प्रश्न असतो. तुझे नाव काय? तुझा पत्ता कोणता? नमुना एखाद्या यजमानाला लावताना हे प्रश्न विचारले जातात आणि त्या यजमानापुरती उत्तरे भरली जातात. ही उत्तरे नमुन्याबाहेर, प्रत्येक यजमानाच्या नावे वेगळी जपून ठेवतात. सुरुवातीला या संग्रहाला चक्क ‘उत्तरांची फाईल’ अशा अर्थाचेच नाव होते!

याचा फायदा पाहा. उद्या घड्याळाची सेटिंग बदलायची झाली, तर ती नमुन्यात एकदाच बदलायची. नमुना पुन्हा सर्वांना लावला, तरी प्रत्येकाचे नाव आणि पत्ता जसेच्या तसे राहतात.

यजमान पुष्कळ असतील, तर एकेकाची उत्तरे भरणे कंटाळवाणे होते. २०१६ साली आलेल्या साडेसहाव्या आवृत्तीपासून ही उत्तरे एका तक्त्यात उतरवून घेता येतात. हजेरीपटात जसे प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचे रकाने असतात, तसेच येथे प्रत्येक यजमानापुढे त्याची उत्तरे असतात. तक्ता भरून परत दिला, की सर्वांची उत्तरे एकदम नोंदली जातात.

२०२२ साली व्हीस्फिअरची आठवी आवृत्ती आली. तिच्यात याच कल्पनेचे नवे रूप आहे. संपूर्ण गटाच्या सेटिंग्ज एका लेखी दस्तऐवजात मांडतात. त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात सर्वांना सारखे लागू होणारे नियम. दुसऱ्या भागात स्वभावतःच वेगळ्या असणाऱ्या गोष्टी, जसा पत्ता. तिसऱ्या भागात अपवाद. समजा, एका यजमानावर काही तक्रार आहे, म्हणून त्याच्या कामाच्या नोंदी काही दिवस निराळ्या ठिकाणी पाठवायच्या आहेत. नियम सर्वांसाठी एक असला, तरी या एकासाठी तो बाजूला ठेवला आहे, हे तेथे उघड लिहिलेले असते. लपलेला फरक घातक असतो. लिहून ठेवलेला फरक उपयोगी पडतो.

तपासणी काय सांगते, काय सांगत नाही

नमुन्याच्या या शक्तीत धोकाही आहे. हाताने केलेली चूक एका यंत्रापुरती राहते. नमुन्यातील चूक मात्र सर्व यंत्रांवर पोहोचते. शिवाय तपासणीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ‘हा यजमान नमुन्याप्रमाणे आहे’ एवढेच ती सांगते. ‘हा यजमान बरोबर आहे’ असे ती सांगत नाही. नमुन्यातच घड्याळाचा स्रोत चुकीचा लिहिला असेल, तर सर्व यजमान तपासणीत उत्तीर्ण होतील आणि सर्वांची वेळ चुकीची असेल!

म्हणून जाणते लोक बदललेला नमुना आधी एकाच यजमानावर लावून पाहतात. त्यावरचे पाहुणे दुसरीकडे हलवतात, कारण काही बदलांनंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. सर्व ठीक आहे अशी खात्री झाली, की मग पुढच्या यजमानाकडे वळतात. यात थोडा वेळ जातो खरा. पण त्या पाहुण्यांवर कोणाचा औषधोपचार, कोणाचा पगार, कोणाचा प्रवास अवलंबून असतो.

मित्रांनो, हजार नोंदी न थकता भरण्याचे काम यंत्र उत्तम करते. परंतु कोणती गोष्ट सर्वांची सारखी असावी, कोणती ज्याची त्याची असावी आणि अपवाद कोणाला द्यावा, हे यंत्राला आपोआप कळत नाही. ते ठरवायला विचार करणारा माणूसच लागतो.

शब्दार्थ

सांगड घालणे – दोन गोष्टींचा मेळ बसवणे
आभासी – भासणारा, प्रत्यक्ष हाताला न लागणारा
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
बिऱ्हाड – भाड्याने राहणारे कुटुंब
दक्ष – सावध, जागरूक
दस्तऐवज – महत्त्वाचा लेखी कागद
अपवाद – नियमातून वगळलेली गोष्ट

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सर्व्हर कशाला म्हणतात?
(आ) होस्ट प्रोफाइल ही सोय कोणत्या साली आली?
(इ) नव्या दस्तऐवजाचे किती भाग असतात?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) दोन यजमानांना एकच पत्ता देत नाहीत.
(आ) बदललेला नमुना आधी एकाच यजमानावर लावून पाहतात.

प्रश्न ३. ‘लपलेला फरक घातक असतो, लिहून ठेवलेला फरक उपयोगी पडतो.’ हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

प्रश्न ४. तुमच्या शाळेतील कोणत्या गोष्टी सर्वांसाठी सारख्या आहेत आणि कोणत्या ज्याच्या त्याच्या आहेत? दोन रकान्यांत लिहा.

प्रश्न ५. नमुना, फरक, दस्तऐवज असे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.