बैरमंगलचा दगड आणि न आलेला प्रलय

आपल्याकडचे काही अभ्यासक वर्षानुवर्षं एकच पालुपद आळवत आले आहेत. भारतात काळ चक्राकार मानला जातो, म्हणून ‘जगाचा अंत जवळ आलाय’ असं सांगणारे पंथ इथे रुजत नाहीत. ते ख्रिस्ती मुलखांचं पीक. मला हे कधीच पटलं नाही. 1895 साली बिरसा मुंडाच्या अशाच शब्दावर माणसं शेतं टाकून चलकदला गोळा झाली होती. बिरसा मिशनच्या शाळेत शिकला होता, असा आक्षेप येईल. ठीक, त्याला बाजूला ठेवू. मग दादा लेखराज कृपलानींचं काय करायचं? सिंधमधल्या हैदराबादेत 1930च्या दशकात त्यांच्याभोवती जमलेली ओम मंडळी म्हणजेच पुढच्या ब्रह्माकुमारी. त्यांची शिकवण अशी: कालचक्र 5000 वर्षांचं, ते पुन्हा पुन्हा फिरणार; आणि तरीही या कलियुगाचा विनाश उंबरठ्यावर आहे, त्यापाठोपाठ सत्ययुग. चक्र आणि अंत तिथे एकाच घरात नांदतात.

कर्नाटकात राहणाऱ्याला तर त्या अभ्यासकांचा मुद्दा मांडताच येणार नाही. लिंगायत परंपरेत भाकितांचं ‘कालज्ञान’ साहित्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याच भाकितांच्या आधारे सिद्दीक हुसेन यांनी आपण चन्नबसवेश्वराचा अवतार असल्याचं सांगितलं आणि 1924 साली दीनदार अंजुमन उभी केली. संस्थापक 1952 मध्ये गेले. 2000 सालच्या चर्चस्फोटांचा ठपका याच संघटनेच्या माणसांवर आला. त्यात बंगळूरच्या जगजीवनराम नगरातलं चर्चही होतं. 2001 मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली.

ओशोंवर मी थांबत नाही. कोरेगाव पार्क, 1981 चं ओरेगॉन, 1984 मध्ये सॅलड बारमधून 751 जणांना झालेली विषबाधा, 1985 ची पांगापांग हे सगळं वाचकांना पाठ आहे, आणि मराठीत यापलीकडे कुणी जातच नाही.

मला थांबायचंय ते मेहेरबाबांपाशी. पुण्याचे मेरवान शेरियार इराणी, बाबाजान आणि उपासनी महाराजांचा अनुग्रह, नगरजवळचं मेहेराबाद हे नव्याने सांगायला नको. 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरलं. 1927 पासून हातात इंग्रजी अक्षरांचा फळा. बोट अक्षरांवरून सरसर फिरायचं आणि मंडळींपैकी कुणीतरी शब्द जुळवून मोठ्याने म्हणायचं. गुरूची आज्ञा शिष्याच्याच तोंडून बाहेर पडायची. या माणसाच्या प्रभावाचं मर्म मला या फळ्यात दिसतं: ऐकणाऱ्याला नुसतं ऐकून भागत नसे, त्याला त्या वाक्यात सामील व्हावं लागे.

1939 मध्ये बाबा मंडळींसह बंगळुरात आले. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल, स्वतः इराणी वंशाचे, त्यांना अनुकूल होते. बिडदीच्या पुढे बैरमंगलला जागतिक आध्यात्मिक केंद्र उभारायचं ठरलं. साधक, ध्यानाला बसणारे, पीडित, आणि ज्यांना बाबा ‘मस्त’ म्हणत ते ईश्वरवेडे, या सगळ्यांसाठी एकच वसाहत. 17 डिसेंबर 1939 रोजी पायाचा दगड बसला. 1940 मध्ये बाबांनी बेत सोडून दिला आणि मंडळी शहरातून हलली.

याला फसलेला प्रकल्प म्हणून निकालात काढणारे आहेत. ते बाबांचं पुढचंमागचं आयुष्य बघत नाहीत. मेहेराबादचा प्रेमाश्रम त्यांनी 1920च्या दशकातच गुंडाळला होता. ऑक्टोबर 1949 मध्ये तर ‘नवजीवन’ म्हणून सगळं सोडून ते मोजक्या सोबत्यांसह भिक्षा मागत निघाले. मौन सोडण्याचं आश्वासनही असंच: जुलै 1932 मध्ये हॉलिवूडला ते सुटणार होतं, सुटलं नाही. आणि 30 सप्टेंबर 1954 रोजी मेहेराबादला जाहीर झालेल्या ‘अंतिम घोषणे’त जगाचा तीन चतुर्थांश भाग नष्ट होईल, असं भाकीत होतं. त्याच वर्षी 21 डिसेंबरला शिकागोजवळचा एक गट महापुराची वाट बघत बसला होता. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांचं गाजलेलं पुस्तक त्याच गटावरचं. आमचे विद्वान शिकागो नेमाने उद्धृत करतात, नगर मात्र त्यांच्या नकाशावर नसतं.

बाबा 31 जानेवारी 1969 रोजी मेहेराझादला गेले, लेखराजजींनंतर तेराच दिवसांनी. ना मौन सुटलं, ना प्रलय आला. तरी कुणी विष घेतलं नाही, कुणी शस्त्र उचललं नाही. 1978 मध्ये गयानातल्या जोन्सटाउनला नऊशेहून जास्त माणसं मेली. तिथे आणि ओरेगॉनमध्येही राखायला एक नगर होतं, त्याची जमीन होती, पहारेकरी होते. आदर्श नगर एकदा उभं राहिलं की बाहेरचा प्रत्येक माणूस शत्रू वाटू लागतो. बाबांनी आपलं नगर स्वतःच वारंवार मोडलं आणि अनुयायांना त्या सापळ्यातून वाचवलं, असं माझं ठाम मत आहे. बैरमंगल हा त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा.

आज बैरमंगलचं नाव निघतं ते वृषभावतीतून येणाऱ्या सांडपाण्याने फेसाळलेल्या तलावामुळे. त्या वाटेने जाताना दरवेळी जीव तुटतो. त्याहून जास्त दुःख होतं ते नव्या अभ्यासाचं. एखादी मालिका बघून पंथांवर लेख पाडले जातात. दप्तरं उघडायची, कन्नड शिकायची, जुन्या माणसांना गाठायची तयारी कुणाची नाही. बंगळूर, नगर, पुण्यातल्या ज्या घरांत 1939-40 ची पत्रं, फोटो, रोजनिशा अजून असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ती रद्दीत घालू नका. एखाद्या संशोधन मंडळाकडे द्या, निदान त्यांच्या प्रती तरी करून ठेवा.